रविवारचं पाणी

मी रविवारी मिरचीला पाणी देत नव्हतो, आणि तरीही माझी मिरची सुकत नव्हती. देवाने माझ्यासाठी काय केलं याची ही माझी साक्ष होती. आमच्या चर्चमध्ये मी ती सगळ्यांसमोर उभं राहून दिली. त्यानंतर जे घडलं ते अजून माझ्या डोक्यात नीट बसलेलं नाही. लिहून काढलं तर बसेल असं वाटतं, म्हणून लिहायला घेतलं आहे. बसेलच याची खात्री नाही.

आमचा मळा रिसोडच्या रस्त्याला, गावाला लागून. वडील गेल्यावर अर्धा दादाला आला, अर्धा मला. विहीर मात्र एकच राहिली. उन्हाळ्यात तिला पाणी बेताचं असतं, म्हणून आम्ही वार वाटून घेतले. मंगळवार, शुक्रवार, रविवार माझे. सोमवार, बुधवार, शनिवार दादाचे. गुरुवारी मोटर कोणीच लावायची नाही, विहिरीला भरू द्यायचं. ही वाटणी मी विश्वासात येण्याच्या आधीची. तेव्हा रविवार माझ्यासाठी इतर वारांसारखाच एक वार होता.

पुढे मी आणि बायको प्रभूकडे वळलो. दादाचं घर जिथं होतं तिथंच राहिलं. त्यांच्या देव्हाऱ्यात दिवा लागतो, आमच्या भिंतीवर क्रूस आहे, आणि मधलं अंगण एकच आहे. त्यावरून आमच्यात भांडण कधी झालं नाही. जे काही व्हायचं ते माझ्या आतच होत राहिलं.

मला नियम आवडतात, हे आधी सांगून टाकतो. जुन्या घरात होतो तेव्हा मी सगळ्यांत कडक उपास करणारा. आई म्हणायची, "याले जेवन नका देऊ, उपासानंच पोट भरते याचं." विश्वासात आल्यावर उपास सुटले, पण तो स्वभाव सुटला नाही. आमच्या पास्टरांनी एवढंच सांगितलं होतं की रविवार प्रभूचा दिवस आहे, कामासाठी प्रार्थना चुकवू नका. बाकीचं मी माझं वाढवलं. रविवारी मोटर नाही. मालाचा तोडा नाही. बाजार नाही. एक प्रश्न तर मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरत होतो: मोटरच्या स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, लाईन, म्हणजे वीज, आली की मोटर आपोआप चालू होते, मग शनिवारीच ऑटो लावून ठेवला तर रविवारचं काम कोणाचं, माझं की यंत्राचं? पास्टरांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, "भाऊ, देवाले इतकं बारीक नसते पाहाचं." मला ते पटलं नाही. मी रविवारी ऑटो बंदच ठेवू लागलो.

दादाला हे समजत नसे. एकदा बांधावर उभा राहून म्हणाला, "सोमवार तू घे, रविवार मले दे. कायले झाडं मारतं बे?"

"देवाले दिवस देल्ला दादा. बदली घेतली तं देल्ला कुठी?"

"मंग विहिरीले इचार. तिचा रविवार गुरुवारी असते," असं म्हणून तो आपल्याच बोलण्यावर हसत हसत गेला. पण माझ्या सोडलेल्या रविवारचं पाणी त्याने स्वतःच्या वांग्याला कधी घेतलं नाही. तुझा वार तो तुझा, म्हणाला.

त्या वर्षी मी मल्चिंग पेपरवर मिरची लावली होती. गादीवाफ्यावर चंदेरी प्लास्टिकचा कागद ताणलेला, खाली ठिबकची नळी, आणि छिद्रातून वर आलेली झाडं. या पद्धतीत ओल कागदाखाली राहते. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. कागद उचलावा लागतो किंवा छिद्रात बोट घालावं लागतं. शुक्रवारी पाणी दिल्यावर मधला रविवार सोडला की थेट मंगळवार उजाडतो. आमच्याकडच्या उन्हात मिरचीने इतक्या दिवसांत मान टाकायला पाहिजे. माझी टाकत नव्हती. सोमवारी दुपारी मी वाफ्यांमधून फिरायचो आणि पानं ताठ बघून अंगावर काटा यायचा. मी त्याचा दिवस पाळतो, तो माझी मिरची पाळतो, असं मी मनात म्हणायचो.

कागद मी उचलून पाहिला नाही. का नाही पाहिला, हा प्रश्न आता रोज छळतो. देवाची परीक्षा पाहू नये म्हणून, की दुसरं काही निघेल या भीतीने? त्या वेळी मनात नेमकं काय होतं ते आज प्रामाणिकपणे सांगता येत नाही. मला माहीत नव्हतं हे खरं आहे. पण माहीत करून घ्यायचं नव्हतं, हेही कदाचित खरं असेल.

साक्ष दिली त्या दिवशी लोकांनी हालेलुया म्हटलं, टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच अपराधीही वाटलं. माझं नेहमी असंच होतं.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक तरुण जोडपं नव्याने येऊ लागलं होतं. दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी माणसं. त्या वर्षी गेली नाहीत. शेजारच्या गावात बटईने, अर्ध्या वाट्यावर, थोडी जमीन घेतली, वांगी लावली. ती दोघं मला काकाजी म्हणत. नवरा कमी बोलायचा. ती मात्र विचारल्याशिवाय राहत नसे. प्रार्थनेत डोळे का मिटायचे इथपासून तिचे प्रश्न असत. माझी साक्ष ऐकल्यापासून त्यांनीही रविवारी पाणी देणं बंद केलं. त्यांच्याकडे ठिबक नव्हतं, कागद नव्हता. उघड्या सऱ्या, वरून ऊन.

एका संध्याकाळी ती आमच्या अंगणात आली. बायकोने पाणी दिलं, ते तिने हातातच धरून ठेवलं.

"काकाजी, वांग्यायचे फुलं गळून राह्यले."

"रविवारी पानी देता काय?"

"नाई ना. तुमी साक्ष देल्ली तवापासून थेंब नाई देल्ला."

"मंग?"

"मंग आमच्यातच काई असन," ती म्हणाली. "तुमचं सांभाळते तो, आमचं नाई सांभाळत. काहून?"

इथं मी थांबायला पाहिजे होतं. मला माहीत नाही, एवढे शब्द पुरले असते. पण मी साक्ष दिलेला माणूस होतो. माझ्याकडे उत्तर असणं भाग होतं. मी म्हणालो, "मन तपासून पाहा. काही लपवलं असन तं देवासमोर ठेवा."

तिने ते अगदी मनावर घेतलं. पुढच्या रविवारी गुडघ्यावर बसून रडत रडत सगळ्यांसमोर सांगितलं, की तिच्या पेटीत एक काळा करगोटा आहे. मुलगा तान्हा असताना तिच्या आईने नजर लागू नये म्हणून त्याच्या कमरेला बांधला होता. आई पुढच्याच वर्षी गेली. विश्वासात आल्यावर तिने तो सोडवला, पण तिला टाकवला नाही, कपड्यांच्या घडीत ठेवला. "त्याच्यानंच देव नाराज असन," ती म्हणाली. घरी जाऊन तिने तो चुलीत घातला. नवऱ्याने मला नंतर सांगितलं की त्या दिवशी ती जेवली नाही.

फुलं गळायची थांबली नाहीत.

मग तो रविवार आला. पास्टरांना ताप होता, म्हणून प्रार्थना लवकर आटोपली. बायको स्वयंपाकाला घरी थांबली, मी मळ्याकडे निघालो. चालणं मी कामात धरत नाही. विहिरीजवळ आलो तर मोटरचा आवाज. मला वाटलं, दादाने वार चुकवला. जरा तावातच पुढं गेलो. वाटेत पाइपला जे दोन कॉक आहेत, एक दादाकडे पाणी सोडणारा आणि एक माझ्याकडे, तिथं लिंबाच्या सावलीत वहिनी बसली होती. मला बघून उठली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"वहिनी, आज दादाचा वार नाई."

"नाई ना."

"मंग मोटर कोनाची चालू हाय?"

"तुमचीच. तुमच्या मिरचीले."

मी तिथल्या तिथं वाफ्यावर बसलो आणि कागदाची कड उचलली. खालची माती काळी, गार, हाताला चिकटणारी होती.

"कवापासून?"

"लावली तवापासून," वहिनी म्हणाली. "तुमी दोघं पार्थनेले गेले की मी येतो. तुमी यायच्या आंदी बंद करतो. आज लवकर आले तुमी."

"दादाले मालूम हाय?"

"त्यायनंच तं सांगतलं. म्हने, त्याले बोलू नको, तो बंद करन."

"पन काहून वहिनी?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी बालिश विचारलं. "काहून म्हंजे? झाडं हायेत ना. तहान लागते त्यायले." मग माझा चेहरा बघून तिला वाटलं असावं की मला पापाची भीती वाटते आहे, कारण ती समजुतीच्या आवाजात म्हणाली, "तुमी काई केलं नाई भाऊजी. मोटर मी लावली. तुमच्या देवाची न माही वळखच नाई, मले काय म्हनन तो?"

मी रागावलो. हे लिहिताना लाज वाटते, पण रागावलो. "तुमी मले लोकायसमोर खोटं पाडलं," असं मी तिला म्हणालो.

"मी झाडायले पानी देल्लं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "खोटं कोनं पाडलं ते तुमी पाहा."

शब्बाथाची, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाची, आज्ञा मला तोंडपाठ आहे. त्यात फक्त तू काम करू नको एवढंच नाही. तुझ्या चाकराने, तुझ्या बैलाने, तुझ्या दारात राहणाऱ्या परक्यानेही त्या दिवशी राबू नये, असं आहे. मी मोटरच्या ऑटोचा विचार केला होता, दारातल्या माणसाचा केला नव्हता. मी ज्याला माझं पाळणं म्हणत होतो ते सगळं वहिनीच्या अंगावर चाललं होतं. म्हणजे मी आज्ञा पाळली की मोडली? आणि मोडली असेल तर ती मोडल्यामुळेच मिरची जगली. हे देवाचं म्हणू की नको? तिथं मातीत बसून मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. माफी मागायची होती, पण नेमकी कशाची, तेच ठरेना.

तेवढ्यात ती मुलगी आठवली. करगोटा आठवला. मी मोटरसायकल काढली आणि जेवायला न थांबता त्यांच्या शेताकडे गेलो.

दोघं बांधावर बसली होती. लाईन असूनही त्यांची मोटर बंद होती. वांग्याची पानं कडेने वाळलेली, सरीत पिवळट फुलं पडलेली. मी उभ्यानेच सांगितलं. सगळं सांगितलं, वहिनीचं, कॉकचं, कागदाखालच्या मातीचं. शेवटी म्हणालो, "तुमच्यात पाप नव्हतं. पानी नव्हतं."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "म्हंजे तुमच्या झाडायले रविवारी पानी भेटत होतं."

"हो."

"न आमाले तुमी मन तपासा म्हने."

"हो."

"मंग मी माह्या मायचा करगोटा कायले जाळला, काकाजी?"

 नवरा मान खाली घालून ढेकूळ फोडत होता. तो हळूच म्हणाला, "लाईन अजून हाय. लावू का मोटर?" आणि लगेच, "पन आज रविवार हाय."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. एवढं झाल्यावरही माझ्याकडेच पाहिलं, आणि त्याचं मला सगळ्यात जास्त भय वाटलं. लावा म्हणालो असतो तर तोही माझा एक नियम झाला असता. नको म्हणणं तर आता शक्यच नव्हतं. खड्ड्यात पडलेल्या मेंढराला शब्बाथाच्या दिवशी बाहेर काढायचं की नाही, यावर प्रभू हो म्हणाला, हे मला माहीत होतं; कितीतरी वेळा मीच ते मंडळीत वाचून दाखवलं होतं. तरी त्या क्षणी तोंडातून निघालं ते एवढंच, "मले नका इचारू."

"नाईच इचारत," ती म्हणाली. उठली आणि मोटर लावायला गेली. नवऱ्याने फावडं उचललं. सरीतून पाणी यायला लागलं, कोरड्या मातीचा आवाज व्हायला लागला. मी फावडं मागू की निघून जाऊ हे कळेना. दोन्ही केलं नाही. पाणी पायापाशी आलं तेव्हा बाजूला सरकलो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पास्टरांच्या घरी गेलो. ताप उतरला होता, ते खाटेवर बसून पेज पीत होते. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देवानं तुमच्या वहिनीकडून करून घेतलं असन भाऊ. कोनाकडूनबी करून घेते तो. तुमची साक्ष खोटी नाई."

"मंग त्या पोरीच्या वांग्यायचं कोनाकडून काहून नाई करून घेतलं?"

त्यांनी वाटी खाली ठेवली. "मले नाई सांगता येत," म्हणाले. "पन साक्ष मागं घेसान तं नवे लोकं अडखळतीन, याचाबी इचार करा." नंतर मी निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "तुमच्या मनाले वाटते ते करा. मी आडवा येत नाई." मला त्यांनी आडवं यावं असं वाटत होतं. कोणीतरी हे कर किंवा ते करू नको असं ठाम सांगितलं असतं तर त्या रात्री झोप लागली असती.

घरी बायकोला विचारलं, "तुले मालूम होतं काय?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मालूम होतं असं नाई. पन वहिनीचे पाय रविवारी चिखलाचे असत, हे दिसत होतं. मी इचारलं नाई." नंतर भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "तुमी तरी कुठी इचारलं?"

बायबलात प्रेषिताने लिहिलेलं मला माहीत आहे: माणूस नियम पाळून नीतिमान ठरत नाही, विश्वासाने ठरतो. मी ते शिकवलंही आहे. पण मला वाटायचं, माझा विश्वास म्हणजेच माझं पाळणं. आता पाळणं गेलं तेव्हा खाली काय उरलं ते मी चाचपून पाहतो आहे. कधी हाताला काहीतरी लागतं, कधी नाही. वहिनीला कोणत्याही नियमाची पडली नव्हती. तिला मिरचीची तहान दिसली. तिच्याकडे विश्वास होता का? ती नाही म्हणेल. मग ते काय होतं?

पुढच्या रविवारी मी उभा राहिलो आणि साक्ष मागे घेतली. वहिनीचं नाव न घेता सांगितलं, पण आमच्या गावात कोण ते सगळ्यांना कळलं. काही जणांनी सवयीने हालेलुया म्हटलं आणि मग ओशाळले. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग आता रविवारी पानी द्याचं का नाई द्याचं? एक काई तं सांग बावा." लोक हसले. मी म्हणालो, मला नियम सांगता येत नाही. त्याने हात झटकला.

खाली बसणार तेवढ्यात मी करगोटा जाळणाऱ्या त्या मुलीकडे वळलो आणि म्हणालो की मी तिचं नुकसान केलं आहे, आणि ते वांग्यांचं नाही. ती बायकांच्या बाजूला मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मान वर केली नाही. मला वाटलं आता ती यायची नाही, हा तिचा शेवटचा रविवार.

पास्टरांनी विचारलं, कोणाला प्रार्थना करायची आहे का. मग तिचाच आवाज आला. तिला अजून प्रार्थनेची भाषा नीट येत नाही, ती देवाशी शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलते.

"प्रभू," ती म्हणाली, "या काकाजीले तू माफ कर. तुले जमते ते. मले आताच नाई जमत. मले माह्या मायची आठवन येऊन राह्यली. मले थोडा टाइम दे. आन वांग्यायले दोन-चार फुलं राह्यले हायेत, ते राहू दे."

ती थांबली. प्रार्थना संपली की नाही ते कोणालाच कळेना, म्हणून सगळे डोळे मिटून तसेच बसून राहिले. मुलगा तिच्या मांडीवर चुळबुळ करत होता. मग ती म्हणाली, "झालं," आणि आम्ही सगळे आमेन म्हणालो.